हायड्रोजन मोटारीत भरावा काय?

विज्ञानावरचे व्याख्यान संपले की एखादा विद्यार्थी हमखास उभा राहतो आणि विचारतो, "सर, पाण्यावर चालणारी मोटार कधी येणार?" ३० मार्च २०२२ रोजी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी हायड्रोजनवर चालणाऱ्या टोयोटा मिराई मोटारीतून संसदेत गेले. त्याची छायाचित्रे झळकल्यापासून तर हा प्रश्न अधिकच ऐकू येतो.

पाण्यात हायड्रोजन आहे, हायड्रोजन जळतो, म्हणून पाणी हे इंधन, असा त्यामागचा तर्क असतो. तो फसवा आहे. पाणी म्हणजे जळून गेलेला हायड्रोजन. चुलीतल्या राखेला कोणी सरपण म्हणत नाही. पाणी ही हायड्रोजनची राखच होय. तिच्यापासून पुन्हा सरपण करायचे, तर जळताना जेवढी ऊर्जा बाहेर पडली निदान तेवढी परत घालावी लागणारच. अमेरिकेत स्टॅन्ली मेयर नावाच्या गृहस्थाने पाण्यावर मोटार चालविल्याचा दावा करून लोकांकडून पैसे घेतले होते. १९९६ साली ओहायोतील न्यायालयाने ती उघड फसवणूक ठरविली.

मिराई अशी जादूची गाडी नाही. तिच्या टाक्यांत वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाबाखाली हायड्रोजन भरलेला असतो. इंधनघटात त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन वीज निर्माण होते आणि तिच्यावर मोटार धावते. या घटाचे तत्त्व विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारासच दाखविले होते. मागच्या नळीतून बाहेर पडते ते फक्त पाणी. टाकी भरायला पाचच मिनिटे लागतात, ही तिची मोठी सोय.

हायड्रोजन वजनाला भलताच उदार आहे. १ किलो जाळला तर सुमारे १२० मेगाज्यूल ऊर्जा मिळते, म्हणजे पेट्रोलच्या जवळजवळ पावणेतीन पट. पण आकारमानाला तितकाच उधळ्या! साध्या दाबाला हा १ किलो वायू ११,००० लिटर जागा व्यापतो. म्हणून तर एवढा दाब द्यावा लागतो.

आता थोडा हिशेब करू. २०१४ साली बाजारात आलेली पहिली मिराई ५ किलो हायड्रोजनवर सुमारे ५०० किलोमीटर जात असे, म्हणजे १०० किलोमीटरला १ किलो. विद्युत अपघटनाने हा १ किलो वायू मिळवायला कारखान्यात ५० ते ५५ युनिट वीज खर्च होते; दाबून भरायला आणखी काही युनिट लागतात. तीच वीज सरळ बॅटरीत भरली, तर साधारण तेवढीच मोटार १५ ते २० युनिटांत १०० किलोमीटर जाते. एका गाडीच्या विजेत जिथे तीन गाड्या चालतात, तिथे एकच चालविण्यात कसला शहाणपणा?

शिवाय आज जगातील बहुतेक हायड्रोजन पाण्यापासून नव्हे, तर नैसर्गिक वायू आणि कोळसा यांपासून मिळवितात. मिथेनपासून १ किलो हायड्रोजन करताना समीकरणानुसारच साडेपाच किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टीचे इंधन धरले की तो नऊ-दहा किलोंवर जातो. धूर नाहीसा होत नाही, गाडीच्या नळीतून कारखान्याच्या धुराड्यात जातो.

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हायड्रोजन स्वच्छ विजेपासून करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. हे योग्यच आहे. पण हा महागामोलाचा वायू आधी खत कारखान्यांना द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. युरियासाठी अमोनिया लागतो, अमोनियासाठी हायड्रोजन लागतो आणि तिथे बॅटरीचा काही उपयोग नाही. लोखंडाच्या खनिजातील प्राणवायू काढून घेण्याचे काम कोळशाऐवजी हायड्रोजनही करू शकतो. लांब पल्ल्याच्या अवजड मालमोटारींचा वाद अजून मिटलेला नाही, तो चालू द्यावा. घरच्या मोटारीपुरता मात्र मला तो मिटल्यासारखाच वाटतो. कॅलिफोर्नियात शेल कंपनीने अशा मोटारींसाठी उघडलेले आपले हायड्रोजन पंप २०२४ साली बंदही केले.

शिक्षकांना एक विनंती. प्रयोगशाळेत हॉफमनचे व्होल्टामीटर दाखविताना त्याला अॅमीटर आणि व्होल्टमीटरही जोडावा. १ घनसेंटीमीटर हायड्रोजन जमेपर्यंतचे सेकंद मोजून व्होल्ट, अँपिअर आणि सेकंद यांचा गुणाकार मुलांकडूनच करवून घ्यावा. ६ व्होल्टची बॅटरी असेल, तर उत्तर ५० ज्यूलच्या आसपास येईल. तेवढा हायड्रोजन जळून मिळतात सुमारे १२.