प्रपंचांतील चार गोष्टी : दिवा विकत घेण्यापूर्वीं

छायाचित्राला आपण छायेचें नांव दिलें. 'फोटोग्राफी' हा शब्द मात्र ग्रीक शब्दांवरून बनलेला असून त्याचा अर्थ 'प्रकाशानें लिहिणें' असा होतो. वरवर पाहतां हा विरोध भासेल. पण अमरकोशांत 'छाया' शब्दाचे जे अर्थ दिले आहेत, त्यांत उन्हाचा अभाव हा एक आहे आणि कांति हाहि एक आहे. सांवली आणि तेज हीं दोन्ही एका शब्दांत सुखानें नांदतात, हें ज्याच्या ध्यानीं आलें, त्याला घरगुती छायाचित्रणाचें अर्धें शास्त्र आलें, असें आम्ही समजतों.

हल्लीं घरोघरीं मोबाईल आहेत आणि त्यांत हजारों चित्रें साठलेलीं असतात. तरीहि आजीच्या किंवा आजोबांच्या पश्चात् भिंतीवर लावण्यास एक चांगला फोटो पाहिजे झाला, म्हणजे घरांतील सर्व मंडळी शोधूं लागतात. आणि अखेर एखाद्या मुंजीच्या समूहचित्रांतून तो चेहरा कापून मोठा करून घेतात. मग डोळे अर्धवट मिटलेले, चष्म्याच्या कांचेवर फ्लॅशचा पांढरा डाग आणि मागच्या भिंतीवर काळी सांवली, अशा स्वरूपांत ती वत्सल मूर्ति वर्षानुवर्षें पाहावी लागते. कॅमेरा महाग असूनहि असें होतें, कारण उणीव उजेडाच्या योजनेंत असते. ती थोडक्या खर्चांत भरून काढतां येते. म्हणून या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

पहिलें साधन घरांत फुकट आहे, तें म्हणजे खिडकी. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली, तेव्हां घरोघरीं विजेचे दिवे नव्हते. त्या शतकांतील छायाचित्रकार आपल्या चित्रशाळेस उत्तरेकडे मोठ्या कांचा बसवीत आणि पडदे मागेंपुढें सारून उजेड बेताचा करीत. आपल्याकडेहि उत्तरेची खिडकी उत्तम. मात्र पुण्यासारख्या ठिकाणीं मेच्या मध्याच्या सुमारास शून्य सांवलीचा दिवस येतो, आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य उत्तरेकडे कललेला असतो. सकाळ-संध्याकाळ तर तिरपें ऊन या खिडकींतून थेट आंत येतें. त्या दिवसांत तिला पातळ पांढरा पडदा लावावा. व्यक्तीस खिडकीच्या कडेस तिरपें बसवावें आणि दुसऱ्या बाजूस एक मोठा पांढरा पुठ्ठा उभा करावा. त्यावरून परतलेला उजेड अंधाऱ्या गालावर पडतो. पुठ्ठ्याची किंमत ती किती!

खिडकीचा गुण कशांत आहे हें कळलें कीं दिवा निवडणें सोपें जातें. व्यक्तीच्या मानानें उजेडाचें तोंड जितकें रुंद व जितकें जवळ, तितकी सांवलीची कड मऊ. सूर्य प्रचंड खरा, पण तो इतका दूर कीं आपणांस लहानशी थाळी दिसतो, म्हणून त्याची सांवली रेखीव; तोच ढगाआड गेला म्हणजे सारें आकाशच दिवा होतें आणि सांवली विरते. लहान दिव्यापुढें पांढरी झिरझिरीत छत्री धरली कीं घरांत हेंच घडतें. यास्तव प्रखर दिव्याच्या आधीं पैसा छत्रीकडे व ती तोलणाऱ्या बळकट स्टँडकडे जावा. दिवा दुप्पट दूर नेला तर उजेड चौथाई होतो. अर्थात् दुबळा दिवाहि जवळ आणला म्हणजे बलवान् होतो. जुन्या तापणाऱ्या बल्बावर कापड किंवा कागद मात्र केव्हांहि टाकूं नये. आग लागण्याचें भय असतें.

आतां प्रत्यक्ष खरेदी. ज्यांच्याजवळ केवळ मोबाईल आहे, त्यांनीं सतत जळणारा एलईडी दिवा घ्यावा; बाहेरचा फ्लॅश सामान्यतः मोबाईलशीं जुळत नाहीं. एलईडीचा परिणाम डोळ्यांस आधींच दिसतो, हा नवशिक्यास मोठाच लाभ. ज्यांच्याजवळ वर फ्लॅश बसविण्याची खांच असलेला कॅमेरा आहे, त्यांस हातानें जोर कमीजास्त करतां येणारा एक साधा फ्लॅश व बिनतारी ट्रिगर पुरतो. त्याचा उजेड क्षणिक पण जोरदार असल्यामुळें हलणारीं मुलेंहि स्पष्ट येतात. वाटोळा रिंगलाइट स्वस्त असतो, परंतु समोरून लावला कीं चेहरा सपाट दिसतो आणि चष्म्यांत कडें उमटतें.

विक्रेता वॅटचा आंकडा पुढें करील. वॅट हें खर्चलेल्या विजेचें माप आहे. ९ वॅटचा एलईडी दिवा सुमारें जुन्या ६० वॅटच्या बल्बाएवढा उजेड देतो, यावरून बोध घ्यावा. विचारावयाचें तें 'सीआरआय'. रंग कितपत खरे दिसतात, याचें हें माप. शंभरपैकीं ९५ किंवा अधिक असेल तर त्वचेचा वर्ण आणि पैठणीचा रंग विश्वासानें उतरतो. दुसरें, दिव्याच्या प्रकाशाचा रंग ५६०० केल्विनच्या आसपास असावा, म्हणजे खिडकीच्या उजेडाशीं त्याचा मेळ बसतो. खोलींतील २७०० केल्विनचा पिवळा दिवा त्या वेळीं मालवावा. नाहींतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर होतो. तीन दिव्यांचा स्वस्त संच दिसला तरी मोहूं नये. एक चांगला दिवा, एक छत्री व एक स्थिर स्टँड एवढेंच घ्यावें. दुसऱ्या दिव्याचें काम पुठ्ठा करतो.

वडील मंडळींचा फोटो घेतांना दिवा त्यांच्या डोळ्यांच्या पातळीहून वर आणि एका बाजूस ठेवावा. आरशाचा नियम कांचेसहि लागू आहे. किरण जितक्या कोनांत येतो तितक्याच कोनांत परततो. त्यामुळें उंचावरील दिव्याचें प्रतिबिंब चष्म्यावरून खालीं निघून जातें आणि कॅमेऱ्यास डोळे दिसतात. ज्यांस प्रखर उजेड सोसत नाहीं, त्यांच्यापुरतें खिडकीवरच भागवावें. त्यांस 'हसा, हसा' म्हणून दटावूं नये. जुन्या गोष्टी काढाव्या, चेहरा आपोआप खुलतो.

पडदा, पुठ्ठा आणि सकाळचा उजेड हीं तर आजच घरांत आहेत. दिवा पुढच्या महिन्यांत आला तरी चालेल. आजीला मात्र येत्या रविवारींच खिडकीपाशीं बसवावें, ही आमची वाचकांस आग्रहाची सूचना आहे.