ठाण्याची पायरी व आपला हक्क
कन्हान नदीकांठच्या मौद्यांत शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटर चोरीस जावो कीं सुताराचीं हत्यारें जावोत, आमचा मनुष्य ठाण्याची पायरी चढण्यास भितो. ‘साधा अर्ज देऊन ठेव’ असें कोणीं म्हटलें कीं तो हात जोडून परत फिरतो. चोराचें फावतें तें येथेंच! ज्या चोरीची नोंद नाहीं, तिचा तपास कोण करणार?

बंधूंनो, १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें कलम १७३ सांगतें कीं, दखलपात्र गुन्ह्याची खबर, गुन्हा कोणत्याही हद्दींत घडला असो, ठाण्यानें लिहून घ्यावी, वाचून दाखवावी व तिची नक्कल फुकट द्यावी. मात्र ५,००० रुपयांहून कमी मालाची साधी चोरी अदखलपात्र ठरते. म्हणून मोटरीची व तारांची पावती जपून ठेवा आणि खरी किंमत सांगा. खबर नाकारल्यास ती लिहून टपालानें नागपूर ग्रामीणच्या पोलीस अधीक्षकांकडे धाडा. तेथेंही दाद न लागल्यास मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करा.

हे कोणाचे उपकार नव्हेत, हा आपला हक्क होय. ज्यास वाचतां येत नाहीं, त्याच्याबरोबर गांवच्या शिकलेल्या मुलामुलींनीं ठाण्यांत जावें. विद्येचा याहून चांगला उपयोग तो कोणता?