बोट लागते तेव्हा

मराठीत ‘बोट लागणे’ या शब्दांना दोन अर्थ आहेत. बोट धक्क्याला लागते आणि बोट माणसालाही लागते. पहिल्या प्रकारात पाय जमिनीला टेकतात. दुसऱ्या प्रकारात माणूस लिंबू हुंगत, डोळे मिटून, पाय जमिनीला कधी टेकतील याची वाट पाहतो. समुद्रप्रवासातलं सुख आणि दुःख दोन्ही अखेर एकाच गोष्टीवर येऊन ठेपतात : नीट उतरायला मिळतं की नाही!

आता हिंगोलीच्या माणसानं समुद्राविषयी लिहावं हा जरा आगाऊपणाच. आमच्याकडे कयाधू आहे, पूर्णा आहे, पैनगंगा आहे. औंढ्याचा नागनाथ आहे, नामदेवांची नर्सी आहे. समुद्र होता तो भूगोलाच्या पुस्तकात. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा लाभला आहे, दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे. एवढं पाठ केलं की झालं. त्यापलीकडे आमचा नि समुद्राचा संबंध मिठापुरता आणि आठवडी बाजारातल्या सुकटीपुरता.

तरीही लिहितो, आणि हक्कानं लिहितो. किनाऱ्यावर सरकारी धक्का बांधला जातो तेव्हा पैसा राज्याच्या तिजोरीतून जातो, आणि त्या तिजोरीत आमच्या वसमतच्या हळद बाजाराचाही वाटा असतो. शिवाय उभी हयात बँकेत गेल्यामुळे पैसा कुठून निघाला यापेक्षा तो कुठे जाऊन पोचला, हे पाहण्याची खोड जडली आहे. ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

अलीकडे वर्तमानपत्रांत ‘मरीना’ हा शब्द वरचेवर वाचायला मिळतो. मरीना म्हणजे सोप्या भाषेत खासगी बोटींचा वाहनतळ. लाटा अडवणारा बांध, आत शांत पाणी, त्यात तरंगते धक्के, आणि त्यांना ओळीनं बांधून ठेवलेल्या शिडाच्या नि इंजिनाच्या बोटी. पाणी, वीज, डिझेल, दुरुस्ती, सगळं जागच्या जागी. केरळात कोचीजवळच्या बोळगट्टी बेटावर असा मरीना २०१० पासून आहे. आपल्याकडेही तो व्हावा अशी चर्चा बरीच वर्षं चालू आहे. त्यावर दोन ठरलेली मतं ऐकू येतात. एक म्हणतं, हे श्रीमंतांचे चोचले. दुसरं म्हणतं, हाच विकास. माझं मत या दोन्हींत बसत नाही. ते का, हे सांगण्यासाठी आम्हा नवरा-बायकोच्या एका दिवसाची हकिगत सांगावी लागेल.

गेल्या हिवाळ्यात मुंबईला भाच्याकडे गेलो होतो. हिंगोलीपर्यंत जनशताब्दी आली ती २०२४ मध्ये, त्यामुळे हा प्रवास आता पूर्वीसारखा जीव नकोसा करत नाही. भाच्याच्या एका स्नेह्यांची शिडाची छोटी बोट आहे. ‘मामा, मामींना घेऊन एक दिवस समुद्रावर जाऊन या,’ असा त्यानं आग्रह धरला. सौ. चे गुडघे गेली सात-आठ वर्षं कुरकुरताहेत. तिनं पहिला प्रश्न विचारला तो असा, ‘अहो, चढू कसंही, पण उतरायचं कुठून नि कसं?’

सकाळी गेटवेवरून निघालो. बोटीवर एक तांडेल आणि त्याच्या हाताखाली एक पोरगा. जमिनीकडून वारा वाहत होता. पुस्तकातला मतलई वारा पन्नास वर्षांनी प्रत्यक्ष गालाला लागला! शीड भरलं, इंजिन बंद झालं, आणि बोट एका बाजूला किंचित झुकून आवाज न करता दक्षिणेकडे निघाली. मांडवा डाव्या हाताला मागे पडलं. सासवणे, किहीम, थळ असा किनारा नारळी-पोफळीची हिरवी रेघ होऊन सरकत राहिला. समोर उंदेरी नि खांदेरी. खांदेरीच्या बेटाला १९९८ मध्ये कान्होजी आंग्रे यांचं नाव दिलं गेलं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे जे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग यांच्याबरोबर हा खांदेरीही आहे. आम्ही बेटाला लांबूनच वळसा घातला. सौ. नं किल्ल्याला हात जोडले. डब्यात आणलेल्या धपाट्यांचा वास खाऱ्या वाऱ्यात मिसळला, आणि तांडेलानंही दोन धपाटे मागून घेतले.

दुपारी परतताना वारा समोरून आला. शीड उतरवून इंजिन लावावं लागलं. एवढा वेळ गप्पा मारणारा तांडेल मांडवा जवळ येताच अबोल झाला. त्यानं आधी पाणी कुठल्या दिशेला ओढतंय ते पाहिलं, मग वारा पाहिला. पोरानं बोटीच्या कडेला रबरी गादले सोडले. वेग इतका कमी केला की बोट चालते की थांबली ते कळेना. सौ. सवयीनं आधीच उठून उभी राहिली, आपण एसटी थांबण्यापूर्वी उठतो तशी. तांडेल मागे न बघता म्हणाला, ‘काकू, बसा. बोट लागू द्या.’

मग पुढचा दोर गेला, मागचा दोर गेला. ते पुरे नसतात, हे मला ठाऊक नव्हतं. बोट पुढे-मागे सरकू नये म्हणून आणखी दोन दोर तिरके बांधतात. धक्क्यावर एक माणूस दोर झेलायला उभा होता. आणि धक्का तरंगता होता, ही खरी गंमत. मुंबईच्या समुद्रात उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे दीड मजला. दगडी धक्का जागचा हलत नाही. भरतीला बोट त्याच्या बरोबरीला येते, ओहोटीला विहिरीत उतरल्यासारखी खाली जाते. तरंगता धक्का पाण्याबरोबरच वर-खाली होतो, म्हणून बोटीची कड आणि धक्का यांतलं अंतर दिवसभर तेवढंच राहतं. सौ. नं एका हातानं कठडा धरला आणि घराचा उंबरठा ओलांडावा तशी ती उतरली.

हे मला फार मोठं वाटलं. कारण काही वर्षांपूर्वी कोकणातल्याच एका बंदरात आम्ही साध्या लाँचमधून उतरलो होतो. बंदराचं नाव सांगत नाही. ओहोटी होती. पायऱ्यांवर शेवाळ, कठडा नाही, दिवा नाही. दोघा अनोळखी पोरांनी सौ. ला दोन्ही दंडांना धरून पोत्यासारखं वर ओढून घेतलं. पोरं भली होती, पण वर आल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. पायांपेक्षा तिच्या मानाला जास्त लागलं होतं. त्याच पायऱ्यांवरून मासळीची टोपली डोक्यावर घेतलेल्या बाया मात्र रोजच्या सवयीनं चढत होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

समुद्र हा आपल्याकडे कधी फक्त हौसेचा विषय नव्हताच. मुंबईचा भाऊचा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या मराठी माणसानं एकोणिसाव्या शतकात बांधला, आणि लोकांनी त्याचं आदरार्थी घरगुती नावच धक्क्याला देऊन टाकलं. आगबोटींतून कोकणची माणसं मुंबईला गिरण्यांत आली. बऱ्याच बंदरांत आगबोट किनाऱ्याला येतच नसे. ती खोल पाण्यात उभी राहायची आणि बायका-पोरं, ट्रंका, फणस, सगळं पडावात उतरवून किनाऱ्याला आणलं जाई. १७ जुलै १९४७ रोजी याच भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. तरी बोटी चालू राहिल्या, कारण लोकांना दुसरा मार्ग नव्हता. पुढे रस्ते झाले, रेल्वे झाली आणि मुंबई-कोकणच्या बोटी बंद पडल्या. जो समुद्र गरिबाचा हमरस्ता होता, तो बघता बघता पाहण्याची वस्तू झाला. १९९६ मध्ये मेरीटाइम बोर्ड स्थापन झालं. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. मोटारीसकट माणूस तासाभरात पलीकडे जातो. आम्ही संध्याकाळी त्याच बोटीनं परतलो. सोय उत्तम आहे, ती झाली हे चांगलंच झालं.

मग माझं म्हणणं काय? मरीना करू नका, असं मी म्हणत नाही. श्रीमंत माणूस बोट ठेवणार असेल तर ती रंगवणारा, शीड शिवणारा, इंजिन दुरुस्त करणारा, रात्री राखण करणारा अशा चार घरांत चूल पेटते. कर्जप्रकरणं तपासण्यात आयुष्य गेलेला माणूस असल्या व्यवसायाला नाक मुरडणार नाही. पण एक अट घालीन, आणि ती अट मी बँकेतूनच उचलली आहे.

१९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. त्याआधी आमच्या भागात बँक म्हणजे व्यापाऱ्याची पेढी. पुढे रिझर्व्ह बँकेनं नियम केला की देशातल्या व्यापारी बँकांनी आपल्या कर्जातले ४० टक्के ‘अग्रक्रम क्षेत्रा’ला द्यायचे : शेतकरी, कारागीर, लहान धंदेवाला. आम्ही अधिकारी मंडळी सुरुवातीला कुरकुरलो नाही असं नाही. पण त्या नियमामुळेच शेळीला, विहिरीला, पिठाच्या गिरणीला कर्ज मागायला आलेला माणूस आमच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसू लागला. दया म्हणून त्याला कुणी बसवलं नव्हतं, तो त्याचा हिस्सा होता. आणि त्यामुळे बँका काही बुडाल्या नाहीत.

हाच नियम पाण्याला लावा. सरकारी पैशानं किंवा सरकारी किनाऱ्यावर जो मरीना होईल, त्याच्या तरंगत्या धक्क्याच्या लांबीतले ४० टक्के अग्रक्रम क्षेत्र धरा : प्रवासी लाँच, मासेमारी होड्या, आणि आजारी माणसाला पैलतीरी नेणारी बोट. उरलेल्या ६० टक्क्यांत हव्या तेवढ्या पांढऱ्याशुभ्र बोटी बांधा आणि त्यांच्याकडून सणसणीत भाडं घ्या. त्या भाड्यातून बाकीच्या धक्क्याला कठडा, दिवा, सावली, स्वच्छतागृह आणि दोर झेलणारा एक पगारी माणूस मिळू द्या. बोटीला दोर झेलणारा लागतोच, तो सगळ्यांच्याच बोटीला मिळाला पाहिजे.

हे अशक्य नाही, याची उदाहरणं आहेत. दाभोळ ते धोपावे ही वाशिष्ठीच्या खाडीवरची फेरीबोट २००३ पासून चालते. दापोलीकडचा माणूस दुचाकीसकट, भाजीसकट, नव्या सुनेसकट काही मिनिटांत गुहागरकडे उतरतो. नाहीतर चिपळूणला वळसा. तिथे ना झगमगाट, ना कॉफीपान. पण बोट लागते आणि माणूस उतरतो. दुसरं उदाहरण गेटवेजवळच्या रेडिओ क्लबशेजारच्या नव्या जेट्टीचं. तिथल्या रहिवाशांनी हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेलं. मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२५ मध्ये काम करायला परवानगी दिली, पण अटीही घातल्या. तिथली बसण्याची जागा करमणुकीसाठी नव्हे, बोटीची वाट पाहणाऱ्या प्रवाशांसाठीच वापरायची, ही त्यातली एक. मला ही अट वाचून बरं वाटलं. धक्का कुणासाठी, या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवावं लागतं. आपोआप ते कधीच बरोबर येत नाही.

आणि सुरक्षितता हा त्या उत्तराचाच भाग आहे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जणांचे प्राण गेले. त्यांतली बहुतेक सहलीला निघालेली साधी माणसं होती. चढताना प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट घालणं हे बोटवाल्याचं उपकाराचं काम नव्हे. ते तिकिटातच आलं.

आमच्या हिंगोलीकरांना वाटेल, हा सगळा कोकणातला मामला, आपल्याला काय त्याचं? पण आपल्याकडेही भरती-ओहोटी आहे. ती फक्त वर्षातून एकदा येते. औंढा तालुक्यातलं सिद्धेश्वर धरण घ्या, पैनगंगेवरचं इसापूर घ्या. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी काठाला टेकतं. मे महिन्यात तेच पाणी शोधायला भोई बांधवांना भेगाळलेल्या गाळातून चालत जावं लागतं, डोक्यावर जाळं आणि हातात वल्हं घेऊन. पाण्याबरोबर खाली जाणारा, पाण्याबरोबर वर येणारा एक साधा तरंगता धक्का तिथे का असू नये? जी युक्ती मरीनातल्या बोटीचा रंग खरवडू नये म्हणून वापरली जाते, ती आमच्या माणसाचे पाय चिखलात रुतू नयेत म्हणून वापरायला काय हरकत आहे?

मरीना जरूर व्हावेत. मंत्र्यांनी फीत कापावी, बँड वाजावा, फोटो निघावेत. फक्त त्या दिवशी पहिल्या बोटीतून तीन बायका आणाव्यात : एक टोपलीवाली, एक कडेवर मूल घेतलेली, एक गुडघेदुखीची. ओहोटीच्या वेळी आणाव्यात. कुणी दंडाला धरून न ओढता त्या तिघी आपापल्या पायांनी, आपापल्या मानानं वर आल्या, तर बोट लागली म्हणून टाळ्या वाजवायला हिंगोलीहून मीही येईन.