उलट्या पाण्याचा जाब

वस्तीत जुलाब-काविळीची साथ आली की साहेब येतात, नाकाला रुमाल लावतात आणि म्हणतात, "तुम्ही लोक घाणीत राहता. पाणी उकळून प्या." मी म्हणतो, साहेब, माणसं हुंगू नका. नळाचा दाब मोजा.

दाब आहे तोवर पाणी पुढंच जातं. पण मुंबईत बहुतेक ठिकाणी ते काही तासच येतं. चावीवाल्यानं चावी फिरवली की लाइनीतला दाब पडतो. कुणी चोरून मोटर लावली की आणखी पडतो. मग पाणी उलटं फिरतं. पिंपात बुडवलेल्या रबरी नळीतून पिंपातलं पाणी लाइनीत ओढलं जातं. आपल्या कित्येक नळ्या तर गटारातूनच नेलेल्या. भोक पडलं की सरळ गटार आत.

ही काय झोपडपट्टीचीच खोड नाही. १९३३ साली शिकागोत जागतिक प्रदर्शन भरलं, तेव्हा दोन बड्या हॉटेलांत मैल्याचं पाणी पिण्याच्या पाइपांत शिरलं. अमीबाच्या हगवणीनं ९८ माणसं मेली. त्या पाहुण्यांना कोण म्हणेल, घाणीत राहता म्हणून?

उपाय साधा आहे. नळाचं तोंड पिंपाच्या काठापेक्षा वर हवं. जोडणीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवा. पण व्हॉल्व्हमध्ये रेती अडकते, गंज चढतो, नि बाहेरून काही कळत नाही. म्हणून अमेरिकेतल्या अनेक शहरांत अशा उपकरणांची दरवर्षी परवानाधारक माणसाकडून चाचणी होते. तिचा कागद पाणीखात्याकडं गेला नाही, तर जोडणी तोडतात. फुटक्या नळीला मात्र व्हॉल्व्ह पुरत नाही. ती गटाराबाहेरच काढावी लागते.

१९२७ साली महाडला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो, तर तळं बाटलं म्हणून त्यांनी शुद्धीकरण केलं. आज गटार आपल्या नळात शिरतं, तर साधी तपासणी नाही! २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं, अनधिकृत झोपडीतल्या माणसालाही पाण्याचा हक्क आहे. घाण पाण्याचा नळ म्हणजे तो हक्क नव्हे.

माझी मागणी एवढीच: गल्लीतल्या प्रत्येक लाइनीची दरवर्षी चाचणी करा. तारीख, निकाल आणि सही करणाऱ्या इंजिनिअरचं नाव भिंतीवर चिकटवा. वॉर्ड ऑफिसात जाऊन हा कागद मागा. एकट्यादुकट्यानं नको, आख्ख्या गल्लीनं.