घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे

घरातला कर्ता माणूस घोरू लागला की आपण म्हणतो, दमूनभागून आला आहे, झोपू द्या. उन्हाळ्यात अकोल्याला गच्चीवर अंथरुणे पडली की हा आवाज शेजारच्या घरांनाही ओळखीचा होतो आणि सकाळी थोडी थट्टाही चालते. पण घोरता घोरता आवाज एकाएकी बंद पडतो, काही क्षण सारे शांत, आणि मग गुदमरल्यासारखा आचका देऊन माणूस पुन्हा घोरू लागतो, हे किती भगिनींनी लक्ष देऊन ऐकले आहे?

त्या शांततेत श्वास बंद असतो. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात आणि श्वासाची वाट मिटते. दहा सेकंद वा अधिक काळ श्वास थांबणे किंवा फार उथळ होणे तासाला पाच वा जास्त वेळा घडले, तर डॉक्टर त्याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. दर खेपेला रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू शरीराला हलवून जागे करतो. माणसाला सकाळी यातले काही आठवत नाही. रात्रभराच्या या झटापटीत यकृत रक्तात साखर सोडते, इन्शुलिनचा प्रभाव मंदावतो, रक्तदाब चढतो. उलट, पोट सुटले आणि मान जाड झाली की श्वासाची वाट आणखी अरुंद होते. रात्री तीनदा लघवीला उठणे साखरेमुळेच, असे आपण धरून चालतो. श्वास अडल्यानेही तसे होते.

आमचे हे तर सडपातळ आहेत, असे म्हणून कुणी निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपली आणि एका ब्रिटिश डॉक्टरमित्राची तुलना ‘लॅन्सेट’मध्ये छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच, पण अंगातली चरबी मित्राची सुमारे ९ टक्के, याज्ञिकांची २१!

मधुमेहाने बाबासाहेबांनाही अखेरच्या वर्षांत जर्जर केले होते. माईसाहेब स्वतः डॉक्टर असल्याने पथ्यपाण्यावर त्यांची नजर असे. प्रत्येक घरात डॉक्टर नसतो, पण शेजारी झोपणारे माणूस असते. तिने रात्री जे ऐकले ते तपासणीच्या वेळी सांगावे. गोळ्यांच्या चिठ्ठीइतकेच ते महत्त्वाचे आहे. आणि तिचे स्वतःचे घोरणे? ते लाजेने झाकले जाते. पाळी गेल्यावर स्त्रियांतही हा विकार वाढतो. सकाळी डोके जड होणे, दिवसभर गळून जाणे हे वयावर ढकलू नये.

पंचशीलातले पाचवे शील येथे औषधासारखे उपयोगी पडते. दारूने घसा आणखी सैल पडतो, म्हणून झोप यावी या निमित्ताने घेतलेला पेलाही घातकच. कुशीवर झोपावे. दहा टक्के वजन उतरले तर श्वास अडण्याचे प्रमाण साधारण चौथाईने घटते. विकार जास्त असेल तर हवेच्या दाबाने वाट उघडी ठेवणारे सीपॅप यंत्र लागते. १९८१ साली ऑस्ट्रेलियात निघालेली ही युक्ती आजही मुख्य उपाय आहे. त्याने झोप सुधारते, रक्तदाब थोडा उतरतो. साखर मात्र हमखास उतरेलच असे नाही, तेव्हा मधुमेहाची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत.

अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात साखर-रक्तदाब दाखवायला जाल तेव्हा झोपेची गोष्टही काढा आणि झोपेच्या तपासणीबद्दल विचारा. रात्रीची गाडी चालवणाऱ्या बांधवांनी तर हे लांबणीवर टाकू नये. स्टिअरिंगवर येणारी डुलकी पुष्कळदा याच विकाराची असते.