यंत्रे आहेत, निरोप्या कुठे आहे?

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच दिवशी कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला. दक्षिण मुंबईत बसून उपनगरांतील हाहाकाराचा अंदाज येण्यास जो विलंब लागला, त्याला पावसाचा हा पंक्तिप्रपंच जसा कारणीभूत होता, तसाच तुटलेला संपर्कही. वीज गेली, दूरध्वनी बंद पडले, मोबाइल मुके झाले. साकीनाक्याला दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

त्यानंतर यंत्रणा सुधारली नाही, असे म्हणता येणार नाही. महापालिकेचा नियंत्रण कक्ष, १९१६ हा मदत क्रमांक, ठिकठिकाणची पर्जन्यमापके ही त्या दिवसाने शिकवलेल्या धड्यांची फळे आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने मोबाइलवर एकाच वेळी धोक्याचा इशारा धाडण्याची चाचणीही घेतली. परंतु यातील बरीचशी व्यवस्था वरून खाली निरोप पोहोचवण्याची आहे. गल्लीतून विभाग कार्यालयाकडे नेमकी बातमी जाण्यासाठी मदार अजूनही मोबाइलवरच आहे.

ती का पुरत नाही, हे ११ जुलै २००६ रोजी दिसले. जोगेश्वरी, बोरिवलीसह सात ठिकाणी लोकल गाड्यांत बॉम्बस्फोट झाले. महापूर नव्हता, मनोरे शाबूत होते; तरीही सारे शहर एकाच वेळी आप्तांना फोन लावू लागल्याने यंत्रणा गुदमरली.

अशा वेळी कामी येणारे जुने साधन म्हणजे हौशी रेडिओ, अर्थात हॅम. बॅटरीवर चालणाऱ्या संचाला मोबाइलचा मनोरा लागत नाही. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीवेळी दिल्लीच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅमच्याच कामासाठी पोर्ट ब्लेअरमध्ये होते. अंदमानचा बाहेरच्या जगाशी संपर्क राखण्यात त्यांच्या संचांनी मोठा वाटा उचलला. मात्र संच विकत घेऊन कपाटात ठेवल्याने हे साधत नाही. त्यासाठी केंद्रीय दळणवळण खात्याची परीक्षा आणि परवाना लागतो. प्राथमिक श्रेणीसाठी वयाची अट अवघी बारा वर्षांची असून मोर्स लिपीचीही सक्ती नाही. तरीही उपनगरांतील महाविद्यालयांत या परीक्षेची तयारी करणारे विद्यार्थी अभावानेच आढळतात.

खरी अडचण यंत्राची नसून बोलण्याची आहे. वायरलेसवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. घाबरलेल्या माणसाने बटण दाबून धरले की बाकीच्यांची तोंडे बंद. शिवाय निरोप कसा द्यायचा, हेही शिकावे लागते. ‘गांधीनगरात पाणी शिरले, लवकर या’ हा निरोप ऐकणाऱ्याच्या काय उपयोगाचा? गांधीनगर, इंदिरानगर, शिवाजीनगर ही नावे मुंबईत जागोजाग आहेत. ठिकाण, जवळची खूण, अडकलेल्यांची संख्या, जखमी किती, हवे काय आणि कळवणारा कोण, हे अर्ध्या मिनिटात सांगून पलीकडच्याकडून परत वदवून घेणे, एवढाच खरे तर हा अभ्यासक्रम. रेल्वेने मार्गालगतच्या खांबांना क्रमांक देऊन ठिकाणाचा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. डोंगरउतारावरील वस्त्यांना तसे साधे क्रमांक देण्यास फार खर्च येऊ नये.

ऑगस्ट २०१७ च्या पावसात फोन चालू होते, समाजमाध्यमांवर अनोळखी लोकांनी घरे खुली केली, हे कौतुकास्पदच. पण मदत पोहोचल्यानंतरही तोच निरोप फिरत राहतो आणि नव्या हाका त्यात बुडतात. निरोपावर वेळ घालावी आणि काम झाल्यावर तो मागे घ्यावा, ही शिस्तही प्रशिक्षणानेच येते.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘आपदा मित्र’ योजनेत स्वयंसेवकांना बचावकार्य व प्रथमोपचार शिकवले जातात. परळला महापालिकेची आपत्ती व्यवस्थापन प्रशिक्षण संस्थाही आहे. या दोहोंचा आधार घेऊन अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील विभाग कार्यालयांनी पावसाळ्यापूर्वी एक तास मोबाइल बाजूला ठेवून रंगीत तालीम घ्यावी. कोणता निरोप कुठे अडकला, ते त्या एका तासात कळेल. मात्र परवान्यासाठी मे महिन्यात अर्ज करून जूनच्या पावसाला तो हाती पडेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. या कामाची सुरुवात दिवाळीच्या सुमारासच करावी लागेल.