लादीखालचा वास

मे महिन्यात घरमालक काकांचा फोन आला. ‘मॅडम, अकरा महिने संपतायत. रिन्यू करू, पण आधी एकदा घर बघून जातो. जूनमध्ये येईन.’ ‘या ना काका, चहालाच या,’ मी अगदी गोड आवाजात म्हटलं. फोन ठेवला आणि थेट जमिनीवर पालथी पडले. टीव्हीमागच्या कोपऱ्यात नाक लादीला टेकवलं. आला! अजूनही येतच होता.

त्या कोपऱ्याचे मालक म्हणजे आमचे बंड्याशेठ. वय सहा, रंग भगवा, विरार स्टेशनबाहेर रिक्षाखाली सापडलेले. गेल्या पावसाळ्यात त्यानं अचानक आपला लिटर ट्रे सोडला आणि हा कोपरा पकडला. रोज, दिवसातून चार-चार वेळा. मी आठवडाभर डेडलाइनच्या नादात होते, त्यामुळे मला वाटलं, हा माझ्यावर सूड उगवतोय. मैत्रिणींनीही सल्ले दिले. त्यातला एक होता, ‘मासळी बाजारात सोडून ये गं, मजेत राहील.’ खोटं कशाला सांगू, एका रात्री दीड वाजता पोछा मारताना तो विचार माझ्याही डोक्यात येऊन गेला.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तो कोपऱ्यात बसून नुसतं कुंथत होता. शू थेंबभर, तीही गुलाबी. डॉक्टरांकडे पळाले. मूत्राशयाला सूज होती. ‘बोका आहे, नळी अरुंद असते. पूर्ण तुंबली असती तर दोन दिवसांत जीव गेला असता,’ डॉक्टर म्हणाले. म्हणजे माझ्या टीव्हीमागे जे चाललं होतं तो सूड नव्हता, तक्रार होती. ट्रेमध्ये गेलं की दुखतं, म्हणून तो दुसरी जागा शोधत होता. तेव्हा तुमचं मांजर अचानक जागा बदलायला लागलं, तर आधी पोछा नाही, आधी डॉक्टर. (जवळपास कोणी नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहेच. विरारहून लांब पडतं, पण आपल्याला लांब काय नसतं?)

बंड्या बरा झाला, ट्रेवर परतला. वास मात्र राहिला, आणि मी तो घालवण्यासाठी जे जे केलं ते जवळपास सगळं चुकलं. काळं फिनेल ओतलं. नंतर कळलं की त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत. पंजे चाटले की ते विष पोटात. ब्लीच टाकणार होते, तेवढ्यात एका केमिस्ट मित्रानं फोनवरच ओरडून थांबवलं. शूमध्ये तयार झालेला अमोनिया आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू निघतो, आणि वन बीएचकेत पळणार कुठे? शेवटी बाथरूमचं अ‍ॅसिड वापरलं. त्यानं लाद्यांमधलं व्हाइट सिमेंट खाल्लं आणि फटी आणखी उघड्या पडल्या. शाब्बास.

डोळे उघडले ते आगाशीहून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींनी. दारातच नाक मुरडलं. मी म्हटलं, ‘मावशी, रोज पुसते हो.’ त्या म्हणाल्या, ‘पुसून काय व्हायचं? आमच्या जुन्या घरात वासरू एका जागी मुतायला लागलं की तेवढी जमीन उकरून काढायचो. नवी माती घालायची, चोपायची, वरून शेणानं सारवायचं. तुमच्या लाद्या कोण उकरणार?’

मग मी जरा वाचलं, मित्राचं डोकं खाल्लं. व्हिट्रिफाइड लादी स्वतः पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पितो तो जॉइंट. पिते ती स्कर्टिंगखालची फट. आणि त्याच्या खाली असतो रेती-सिमेंटचा माल, म्हणजे चक्क स्पंज. तिथं पोचलेल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात. शिवाय मांजराच्या शूमध्ये फेलिनिन नावाचं गंधकवालं अमिनो आम्ल असतं. ते फुटलं की तो खास ‘बोका-वास’ येतो. शरीरात फेलिनिन तयार व्हायला कॉक्सिन नावाचं एक प्रथिन मदत करतं, हे जपानी संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. नसबंदी न केलेल्या बोक्यात फेलिनिन सर्वात जास्त. पाणी उडून जातं, पण क्षार आणि बाकीचा ऐवज मालातच बसून राहतो. कोरड्या हवेत गपगार, आणि अर्नाळ्याकडून दमट वारा सुटला की ओलावा ओढून पुन्हा जागा. म्हणजे मी रोज बादलीभर पाणी ओतून त्याला खाली ढकलत होते आणि वर ताजं ठेवत होते!

उपाय दोनच. पहिला, एन्झाइम क्लीनर. पण तो शू जितकी खोल गेली तितका खोल जायला हवा. म्हणून शिंपडायचा नाही, ओतायचा, वर प्लॅस्टिक टाकून दिवसभर ओला ठेवायचा. आधी फिनेल-डेटॉल मारलं असेल तर धुऊन काढायचं, नाहीतर बिचारे जिवाणू कामाला लागायच्या आधीच मरतात. डाग नेमका कुठे आहे ते रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्चनं दिसतं, पिवळसर-हिरवं चमकतं. (डिटर्जंटही चमकतं. मी तासभर निरम्याच्या डागाला शिव्या घातल्या.) ताज्या प्रकरणात एवढ्यानं भागतं. माझं प्रकरण वर्षाचं होतं. वास निम्मा झाला आणि तिथंच अडला.

दुसरा उपाय मावशींचा. उकरणे. पण घर भाड्याचं, चाळीस हजार डिपॉझिट अडकलेलं. काकांना फोन लावताना हात थरथरत होता. सगळं सांगितलं, मांजर, कोपरा, अ‍ॅसिडसकट. पलीकडे शांतता. मग, ‘आधी सांगायचं ना. फोडा. पण लादी तीच लागली पाहिजे. माळ्यावर उरलेल्या असतील, बघा.’ होत्या! जुन्या पेपरात गुंडाळलेल्या, सहा.

मिस्त्रींनी चार लाद्या आणि स्कर्टिंगची एक पट्टी काढली. खालचा माल काळपट, आणि वास असा की मिस्त्री गॅलरीत जाऊन उभे राहिले. सगळा माल खालच्या कोब्यापर्यंत खरवडून गोण्यांत भरला. (बांधकामाच्या डेब्रीला आपल्याकडे ‘रॅबिट’ म्हणतात. ‘मॅडम, मांजराने चार बोरी रॅबिट निकाला,’ इति मिस्त्री.) कोबा धुतला, एन्झाइम मारला, मग पाच दिवस टेबलफॅन लावून सुकवला. मेचं ऊन पहिल्यांदाच कामी आलं. पावसाळ्यात हे काम काढूच नका, सुकतच नाही. सुकल्यावर इपॉक्सीचा कोट, म्हणजे खाली काही उरलंच तर वर येणार नाही. मग नवा माल, लाद्या, आणि जॉइंटमध्ये व्हाइट सिमेंटऐवजी इपॉक्सी ग्राउट. महाग आहे, पण पाणी पीत नाही. कोपऱ्यात आता बंड्याची खाण्याची वाटी असते. जिथे जेवतात तिथे मांजरं सहसा शू करत नाहीत.

पाऊस सुरू झाला त्याच आठवड्यात काका आले. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि थबकले. ‘कसला तरी वास येतोय.’

माझ्या पोटात गोळा.

‘सुके बोंबील, काका. भाजत ठेवलेत. अर्नाळ्याचे.’

‘मग चहा राहू दे,’ खुर्ची ओढत काका म्हणाले. ‘भाकरी आहे का?’